धायटी मागितली, हातात धावडा आला

कोल्हापुरात कळंब्याकडच्या आमच्या घरामागे जेमतेम गुंठाभर जागा आहे. तिथे पाखरं-फुलपाखरं यावीत अशी झाडं लावायची ठरवली आणि बाकीचं सगळं भराभर जमलं. लिंबू-कढीपत्ता कुठेही मिळतात, अडुळशाची फांदी शेजारच्या काकूंनी दिली. रुई कुंपणाशी आपोआप उगवली होती, ती फक्त उपटली नाही. अडलं ते धायटीपाशी, आणि तो राग अजून मनातून गेलेला नाही.

राधानगरीच्या वाटेवर फेब्रुवारी-मार्चमध्ये उतारावर लालभडक फुलांनी लगडलेली झुडपं दिसतात, ती धायटी. रान सुकत चाललेलं असतं तेव्हा शिंजिरांना, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पाखरांना, तिचा मध मिळतो. वैद्य आसव-अरिष्टांत घालतात ती धायफुलं हीच. इतकं आपलं झाड, पण शहरातल्या नर्सरीत विचारलं तर, "ताई, रानातलं झुडूप ते, पैसे देऊन कोण नेतंय? शिंजीरच पायजेत न्हवं, मग हमेलिया न्या की." हमेलियावर शिंजीर येतात हे खरं, पण ते झाड बाहेरच्या देशातलं. मला इथलंच हवं होतं.

मग एका सरकारी रोपवाटिकेत गेले. फेब्रुवारी होता. "जून लागला की या." जूनमध्ये गेले तर साहेब रजेवर. पुढच्या आठवड्यात म्हणाले, लेखी मागणी द्या. दिली. जुलैत पावसात भिजत चौथ्यांदा गेले, तेव्हा काळ्या पिशव्यांतली तीन रोपं हातात ठेवली. "ही बघा तुमची धायटी." घरी येईपर्यंत मी हरखून गेले होते.

गणपतीत आजऱ्याचा मावसभाऊ आला. पान उलटून बघितलं आणि म्हणाला, "अक्का, हा धावडा हाय." धायटीच्या पानाला देठ जवळजवळ नसतोच, पानं समोरासमोर फांदीला चिकटून येतात आणि खालून पांढुरकी, बारीक काळ्या ठिपक्यांची असतात. माझ्या रोपांना चांगले देठ होते. धावडा म्हणजे मोठा वृक्ष, माझ्या गुंठ्यात तो मावणार कसा? परत गेले, तर उत्तर मिळालं, "दोन्ही एकच असतंय ओ." एकच नसतं! ज्यांचं कामच रोपं वाढवायचं, त्यांनी असं म्हणावं याचं फार वाईट वाटलं. तुम्ही गेलात तर फोटोवर भागवू नका, फुलांच्या दिवसांत तोडलेली एक डहाळी सोबत न्या.

बी पेरूनही पाहिलं. ते धुळीसारखं बारीक, झारीच्या पहिल्या पाण्यातच वाहून गेलं. शेवटी पुढच्या पावसाळ्यात भावानेच स्वतःच्या बांधावरची दोन लहान रोपं मातीच्या गड्ड्यासकट आणून दिली. अभयारण्यातून मात्र काही उपटून आणू नका.

एक सांगायचं राहिलं. लिंबाचं रोप आणल्यावर पहिल्या अळ्या दोन दिवसांत मेल्या. नर्सरीत औषध मारलेलं असणार. आता मी आणताना विचारते, आणि नवीन पालवी येईपर्यंत रोप बाजूला ठेवते. फुलं कितीही लावा, अळीला खायला पान नसेल तर फुलपाखरू तिथे अंडी घालत नाही. लिंबावरची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दोन शिंगं काढते आणि उग्र वास सुटतो. राणी पाकोळी, २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, तीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालते. त्यामुळे कुरतडलेली पानं बघून कुणी फवारणीचं नाव काढलं की मी सरळ नको म्हणते. रुईवर बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या असतात, पण तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, लहान मुलं असतील तर जपा.

धायटीला या फेब्रुवारीत पहिल्यांदा फुलं आली. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला पिवळ्या पोटाची शिंजिराची मादी वाकलेल्या फांदीला उलटी लटकून एकेका फुलात चोच घालत होती. मी चहाचा कप हातात घेऊन दाराशी उभी होते. चहा गार झाला तरी हलले नाही.

धावड्याची तिन्ही रोपं आजऱ्याला पाठवली. भावाच्या बांधावर आता ती कमरेएवढी झाली आहेत.