पाठ कर इकडे

आमच्या गोव्यातल्या मांद्रेत माझ्या लहानपणी केस कापायचं एकच दुकान होतं आणि ते पण मालकाच्या मूडवर उघडायचं. आता जुनसवाड्यावरून समुद्राकडे जाताना सहज मोजले तर नऊ बोर्ड दिसले, आयुर्वेदिक मसाज, साउंड हीलिंग, डीप टिश्यू, आणि एक तर ब्रेथवर्क. ते ब्रेथवर्क म्हणजे काय असं आजीने विचारलं. म्हटलं श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात, तर म्हणाली, "मगे इतकी वर्सां काय करी होते ते?"

मी सोळा वर्षं टूर मॅनेजरची नोकरी करतेय, त्यातली शेवटची काही वर्षं नुसत्या वेलनेस टूर्स. लोकांना वाटतं ही बाई जगभर फिरून टबात लोळत असते, प्रत्यक्षात माझा निम्मा वेळ कुणाचा तरी चष्मा कुणाच्या तरी ओल्या टॉवेलमध्ये शोधण्यात जातो. पण ग्रुप एकदा आत सोडला की तास-दीड तास आपला असतो आणि तिकीट फुकट असतं, मग मी पण घुसते. असं करत करत बरीच पाणी अंगावर घेऊन झाली आणि त्यातून माझं एक मत तयार झालंय, ते म्हणजे पाणी, माती, तेल, वाफ हे सगळं ठीक आहे, पण अस्सल जागा ओळखायची ती तिथे आपल्यावर ओरडणारी बाई आहे की नाही यावरून.

पहिली भेटली इस्तंबूलला. तिथला चेंबर्लिताश हमाम १५८४ सालचा, वर घुमट, घुमटाला भोकं, त्यातून उजेडाच्या काठ्या खाली आलेल्या, आणि मधोमध खालून तापवलेला संगमरवराचा मोठा गोल कट्टा. त्याला ते लोक पोटाचा दगड म्हणतात. त्यावर पंचा गुंडाळून पडायचं. मी आपली डोळे मिटून चारशे वर्षं वगैरे विचार करत पडलेली, तेवढ्यात मांडीवर चापट बसली. बघते तर साठीची एक धिप्पाड बाई, हातात काथ्यासारखी खरखरीत पिशवी घातलेली, चापट मारली म्हणजे पालथं व्हायचं हे तिने एका सेकंदात शिकवलं. मग तिने जे घासायला घेतलं ते, मी सांगते, सोळा वर्षांच्या नोकरीत मी रोज आंघोळ करत होते हा माझा समज तिथे संपला. मळाच्या वळकट्या निघाल्या. आणि बाई थांबली, माझा हात उचलला, वळकट्या मला दाखवल्या आणि मान हलवली. पार्वतीने अंगाच्या मळाचा गणपती केला म्हणतात, माझ्या त्या मळातून मखर आणि उंदीर पण झाला असता.

जपानमध्ये कोणी चापट मारत नाही, तिथली माणसं नजरेने मारतात. ओन्सेनला, म्हणजे गरम झऱ्याच्या न्हाणीघरात, आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच गरम पाण्यात उतरायचं, टॉवेल पाण्याला लागता कामा नये म्हणून घडी करून डोक्यावर ठेवायचा. ओन्सेन कशाला म्हणायचं याचा तिथे १९४८ पासून कायदा आहे, जमिनीतून येणारं पाणी निदान २५ अंश तरी हवं, नाहीतर यादीतलं एखादं खनिज तरी ठराविक प्रमाणात हवं. मी सगळं नियमात करून पायरीवर पाय ठेवला तर एक ऐंशीच्या पुढची आजी, पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेली, डोक्यावर टॉवेल, तिने पाण्यातून एक बोट बाहेर काढलं आणि स्वतःच्या कानामागे लावलं. मला कळेना. परत लावलं. मग मी हात लावून बघितलं तर माझ्या कानामागे साबणाचा फेस राहिला होता. एवढ्या वाफेत तिला तो दिसला कसा हे मला अजून सुटलेलं नाही.

बुडापेस्टला सेचेनीमध्ये, ते १९१३ सालचं पिवळं राजवाड्यासारखं स्नानगृह, जिथे म्हातारे पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळतात, तिथे माझ्यावर शिट्टी वाजवली गेली कारण पोहायच्या टाकीत मी टोपी न घालता उतरले. फिनलंडला माणसं ५५ लाख आणि सौना, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्या, ३० लाखांच्या आसपास. तिथे बर्चच्या ओल्या डहाळ्यांची जुडी करून अंगावर मारून घेतात, रक्ताभिसरण वाढतं म्हणे. आमच्याकडे शिपटीने मारायचे ते रक्ताभिसरणासाठी असतं हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी रडले नसते. आणि बँकॉकच्या वाट फो मंदिरात मसाजची शाळा आहे, आवारात वेडेवाकडे बसलेल्या ऋषींच्या मूर्ती आहेत, ते लोक त्यांना ऋषीच म्हणतात, आणि या विद्येचा मूळपुरुष म्हणून जीवकाला हात जोडतात, म्हणजे आपला मगधातला, बुद्धावर उपचार करणारा वैद्य. तिथली माझी बाई जेमतेम पाच फुटांची. तिने माझ्या पाठीत गुडघा घालून दोन्ही हात मागे ओढले, मी आई गं केलं तर हसली आणि अजून ओढलं.

आइसलंडच्या ब्लू लगूनमध्ये मात्र ओरडणारं कोणी नाही आणि मला ती जागा तितकीशी आवडली नाही. निळं दुधाळ पाणी, तोंडाला पांढरा चिखल फासलेले लोक, फोटो झकास येतात. आमच्या ग्रुपमध्ये वीज खात्यातून रिटायर झालेले एक काका होते, त्यांनी पलीकडच्या चिमण्या बघितल्या आणि गाइडला विचारलं. तर ते पाणी म्हणजे शेजारच्या स्वार्त्सेंगी भू-औष्णिक वीज केंद्राने वापरून सोडलेलं पाणी. काका तसेच उभे राहिले. "म्हणजे आम्ही वीज खात्याच्या सांडपाण्यात बसलोय? ते पण एवढे पैसे देऊन?"

चेक देशातल्या कार्लोव्ही व्हारीला तर पाण्यात बसायचं पण नाही, प्यायचं. हातात चोच असलेला चपटा कप घ्यायचा आणि या झऱ्यावरून त्या झऱ्यावर घोट घोट पीत हिंडायचं. (स्पा हे मुळात असल्याच एका गावाचं नाव, ते बेल्जियममध्ये. युरोपातली अशी ११ गावं २०२१ साली युनेस्कोच्या यादीत गेली, त्यात ही दोन्ही आहेत.) पाणी गरम, खारट, लोखंडाची चव, आमच्या बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली. गावात बारा झरे आणि बेखेरोव्का नावाचं झाडपाल्याचं कडक मद्य, त्याला ते लाडाने तेरावा झरा म्हणतात. पुरुष मंडळींची प्रकृती त्या तेराव्या झऱ्यावर एकदम सुधारली. मला घरची आठवण झाली, आमच्या आजीच्या फडताळात पण काजूच्या फेणीची बाटली असायची, औषधाची म्हणून. सर्दी झाली की छातीला चोळायची. बाटलीतलं औषध घरात कोणाला सर्दी नसताना पण कमी व्हायचं, त्यावर आजोबा काही बोलायचे नाहीत.

तर आजी. आजीची न्हाणी घराच्या मागच्या अंगाला, कौलारू, काळीकुट्ट. कोपऱ्यात चुलीवर कायमचं बसवलेलं तांब्याचं भाण, खाली जाळायला नारळाची सोडणं नाहीतर माडाची सुकी चुडतं, आणि त्या धुराचा वास पाण्याला लागलेला. बाजूला दगडी डोण, त्यात थंड पाणी. मी आणि माझा भाऊ एकामागून एक. बाकीच्या दिवशी ठीक होतं, खरी कसोटी नरकचतुर्दशीची. रात्रभर वाड्यावर नरकासुराचा दणदणाट, पहाटे तो जाळून पोरं घरी येईपर्यंत आजीने भाण रटरटवून ठेवलेलं असायचं. तुळशीपुढे गोविंदा गोविंदा म्हणत अंगठ्याखाली कारीट फोडायचं, कडू थेंब जिभेला लावायचा, की आजीच्या ताब्यात. आधी घाण्यावरचं खोबरेल, टाळूवर थापून थापून, मग उटणं, आणि खोबऱ्याचा रस काढून उरलेला चोथा असेल तर तो पाठीला. तिचे तळवे वजरीसारखे होते. वर हुकूम चालू. गप रव. डोळे मिट. मान खाली. हात वर. पाठ कर हयसर. पाणी कडत आहे म्हटलं तर उत्तर एकच, "उकडूक घातलेलं नाय तुका." आणि तांब्या डोक्यावर उपडा. बाहेर आल्यावर अंग असं हलकं लागायचं की फोवांच्या, म्हणजे पोह्यांच्या, पानावर बसल्या बसल्या झोप यायची.

मे महिन्यात ती आम्हाला समुद्रावर न्यायची, ते पोहायला नाही, खाऱ्या पाण्याचं न्हाण. आतल्या गावातली माणसं, हिंदू पण आणि ख्रिश्चन पण, सांधे धरलेत, अंगाला खाज आहे म्हणून किनाऱ्यावर नातेवाइकांकडे येऊन राहायची आणि लुगडी-झग्यांसकट लाटेत बसायची. आजीचा नियम, दिवस विषम पाहिजेत, पाच नाहीतर सात. का ते विचारायचं नाही. हल्ली त्याच किनाऱ्यावर आणि पलीकडे हरमलच्या गोड्या तळ्यापाशी परदेशी लोक पिवळा चिखल फासून उन्हात वाळत पडतात, त्यांना पण कोणी का विचारत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. चाळिसाव्या वाढदिवसाला मैत्रिणींनी मला इथल्याच एका मोठ्या रिसॉर्टच्या स्पाचं व्हाउचर दिलं. घरापासून वीस मिनिटांवर, पण मी गेले पाहुण्यासारखी. आधी गवती चहा, आम्ही पावसात रोज पितो तोच, फक्त काचेच्या कपात. मग तीन पानी फॉर्म, ॲलर्जी आहे का, ऑपरेशन झालंय का, आज मनःस्थिती कशी आहे, एक ते दहा. मेनूकार्डात कोकोनट रिच्युअल, साडेपाच हजार. ते म्हणजे आमचा चोथा हो. घरी पाठीला लावून उरला की कोंबड्यांना जायचा. आतमध्ये बासरी, मेणबत्ती, आणि एक पोरगी एवढ्या हलक्या आवाजात बोलणारी की मला वाटलं शेजारी कोणी वारलंय. "प्रेशर ओके मॅम?" म्हटलं ओके. दोन मिनिटांनी परत, "प्रेशर ओके मॅम?" मी मोजलं, डोक्याच्या मसाजपर्यंत अकरा वेळा. इतकं विचारल्यावर माणूस विचार करायला लागतो की खरंच ओके आहे का. त्या डोक्याच्या मसाजचं नाव हेड थेरपी. चंपी म्हणायची लाज. अरे, शॅम्पू हा शब्दच आपल्या चंपीतून गेलाय, पाटण्यात १७५९ साली जन्मलेला दीन महंमद नावाचा माणूस इंग्लंडला ब्रायटनमध्ये गोऱ्यांना वाफ देऊन रगडायचा, दोन राजांचा तो अधिकृत शॅम्पूवाला होता.

शेवटी न राहवून विचारलं, बाय तू कुठली? ती थबकली. म्हणाली केरीची. मी म्हटलं, अगो मी मांद्र्याची. झालं, बासरी तशीच चालू राहिली पण हात बदलले. अंगठे पाठीत रुतायला लागले, कुजबुज गेली. "ताई, खांदो दगड झाला तुमचो. दिवसभर मोबायल धरता मगे असाच होतला. सैल सोडा. सोडा म्हणतंय मा!" बिलावर सर्व्हिसला किती स्टार असं विचारलं होतं, पाच दिले. ओरडल्याबद्दल असा रकाना नव्हता.

आजी आता ८८ची. गेल्या पावसात घसरून पडली, तेव्हापासून खाली बसवत नाही. न्हाणीत गिझर आलाय, भाणात माझ्या वहिनीने शेवंती लावली आहे. मी घरी असले की आजीला मी न्हाऊ घालते, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून. तिची पाठ आता एवढीशी झालीय, माझ्या दोन तळव्यांत मावते, जोर लावायला हात धजत नाही. परवा पहिला तांब्या घेतला आणि तोंडून निघून गेलं, "आजी, पाणी ओके ना?"

"इचारतंस काय? ओत मगे."

ओतलं. साबण लावला, परत ओतलं, टॉवेल गुंडाळून उठवायला लागले तर उठेना. एक बोट टॉवेलमधून बाहेर काढलं आणि कानामागे नेलं.

"हय फेस रवलो."