मॉरिस मायनरमध्ये बसवलेला जुना रेडिओ

मामांची १९६० सालची मॉरिस मायनर मोटार माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात रेडिओ नव्हता. डॅशबोर्डखालच्या सामान ठेवायच्या फळीखाली, म्हणजे पार्सल शेल्फखाली, मात्र पूर्वीच्या सेटच्या पट्ट्यांची भोके शिल्लक होती. त्या जागी त्याच काळातला सेट बसवायचा, असे मी तेव्हाच ठरवले आणि पुढे पुण्याच्या जुन्या बाजारात रेडिओमोबाइल या ब्रिटिश कंपनीचा ट्रान्झिस्टर सेट मिळाला. आतले सगळे काढून ब्लूटूथ घालण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण तसे केल्यावर रेडिओचा नुसता मुखवटा उरला असता, म्हणून मी तो मानला नाही.

या कामात सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे गाडीचे अर्थिंग, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते. आजच्या गाड्यांत बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, तर मायनरमध्ये पॉझिटिव्ह. त्यामुळे निगेटिव्ह अर्थिंगचा सेट धातूच्या पेटीसह तसाच बॉडीला बसवला, तर थेट शॉर्ट होतो, आणि उलटा प्रवाह गेल्यास ट्रान्झिस्टर जळतात. माझ्या सेटच्या मागे ध्रुव बदलण्याचा एक छोटा प्लग आहे. तरीही तो फिरवण्याआधी मी बॅटरी आणि बॉडी यांमध्ये मीटर लावून पाहिले, कारण साठ वर्षांत कोणी गाडीचे अर्थिंग बदललेले असू शकते आणि वायरींच्या रंगावर विसंबणे धोक्याचे असते. वीज फ्यूज-पेटीच्या ए-४ टोकावरून घेतली, म्हणजे चावी बंद केली की रेडिओही बंद होतो. पण तिथला फ्यूज ३५ अँपियरचा असल्याने सेटच्या वायरीत वेगळा छोटा फ्यूज घातला. स्पीकर जोडल्याशिवाय सेट एकदाही चालू केला नाही.

इंजिन सुरू केल्यावर मात्र खरखरीमुळे बातम्याच ऐकू येईनात. इंजिनाच्या वेगाबरोबर तडतड वाढत होती, ती इग्निशनची. तिच्यासाठी इग्निशन कॉइलच्या एसडब्ल्यू टोकावर, म्हणजे चावीकडून वीज येते त्या टोकावर, खरखर शोषून घेणारा एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला. तो चुकून सीबी, म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकरकडच्या, टोकावर लागला तर ठिणगी कमजोर होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच चढणारी शीळ बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोची होती. तिथे दुसरा कंडेन्सर जाड वायरीच्या टोकाला जोडला, फील्डच्या टोकाला नव्हे. एरियलच्या बुडाशी रंग खरवडून उघड्या पत्र्याशी पक्का संपर्क केल्यावर उरलेली खरखरही बरीच कमी झाली.

शेवटी डायलच्या वरच्या टोकाकडे, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास, एक क्षीण केंद्र पकडून एरियलचा ट्रिमर, म्हणजे सेटला एरियलशी जुळवणारा छोटा स्क्रू, आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत हळूहळू फिरवला. मग काटा ७९२ वर आणला आणि आकाशवाणीचे पुणे केंद्र स्वच्छ लागले. मामी मागच्या सीटवर बसल्या होत्या. कात्रजच्या बोगद्यात आवाज बुडाला तेव्हा त्या पुढे वाकल्या, आणि बोगद्यापलीकडे निवेदिकेचा आवाज परत येईपर्यंत तशाच बसून राहिल्या.