तुम्ही विचारलंत म्हणून: एजंटला आता खरंच परीक्षा द्यावी लागते का?

द्यावी लागते. महाराष्ट्रात रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्प आणि एजंट यांच्यासाठीच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या प्रकल्पातला फ्लॅट, दुकान किंवा प्लॉट विकून द्यायचा असेल तर एजंटची स्वतःची महारेराकडे (हा कायदा राज्यात राबवणारं प्राधिकरण) नोंदणी हवी, आणि सक्षमता प्रमाणपत्र असल्याशिवाय ती मिळत नाही. त्यासाठी आधी प्रशिक्षण, मग परीक्षा.

मला हे विचारणारे दोन तऱ्हेचे. एक, नोकरी सांभाळून या लाइनीत येऊ बघणारी पोरं. ती सरळ विचारतात, 'दादा, अवघड असते का?' दुसरे, माझ्या कितीतरी आधीपासून धंद्यात असलेले काका लोक. त्यांच्या बोलण्यात प्रश्न थोडा आणि राग फार. 'अर्धी कॉलनी माझ्या हातून वसली, आता या वयात पेपर लिहू?' नियम काही मी केलेला नाही, पण ऐकून घेतो.

घोळ होतो तो तारखांचा, म्हणून आधी त्या. रेरा कायदा 2016 चा. एजंटांची नोंदणी सुरू झाली 1 मे 2017 पासून. तेव्हा अर्ज भरला, कागद जोडले, फी भरली की नंबर मिळायचा. समोरच्याला कार्पेट एरिया (घराच्या आतली वापरायची जागा) म्हणजे काय ते ठाऊक आहे का, हे कुणी विचारत नव्हतं. 10 जानेवारी 2023 च्या आदेशाने महारेराने ते विचारायला सुरुवात केली. नव्यांना त्याच वर्षीच्या 1 मेपासून प्रमाणपत्र सक्तीचं झालं. जुन्यांना आधी 1 सप्टेंबर 2023 ची मुदत होती, ती वाढून 1 जानेवारी 2024 झाली. एकदा वाढली म्हणजे परत वाढेल, असं धरून बसलेले पुष्कळ होते. मे 2024 मध्ये सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली, तेव्हा धावपळ उडाली.

परीक्षेची भीती मात्र उगाच आहे. पर्याय निवडायचे प्रश्न, कॉम्प्युटरवर, मराठीतही देता येते. 20 मे 2023 ला पहिली परीक्षा झाली तेव्हा 423 जण बसले आणि 405 पास झाले. दहावीच्या निकालाला मान खाली घालायला लावेल असा हा आकडा. ज्यांना माउस धरायची सवय नाही त्यांनी नातवाकडून ती तेवढी करून घ्यावी.

मग काका चिडतात कशावर? माझ्या मते पेपरवर नाही, पेपरनंतर जी सबब हातातून जाते तिच्यावर. आमच्या लाइनीत 'बिल्डर बोलला, मी फक्त सांगितलं' हे वाक्य वर्षानुवर्षं चाललं. रेराचं दहावं कलम ते चालू देत नाही. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला फ्लॅट एजंटने विकून द्यायचा नाही, नसलेली सोय आहे म्हणून सांगायची नाही, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या माहितीचा आणि कागदांचा हक्क आहे ते सगळं मिळवून द्यायला मदत करायची. हे दहावं किंवा एजंटच्या नोंदणीचं नववं कलम मोडलं तर रोज 10 हजार रुपये दंड, आणि तो वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हे 2017 पासूनच कायद्यात आहे. पण परीक्षा पास झालेला माणूस 'मला माहीतच नव्हतं' असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

सॅम्पल फ्लॅटमध्ये फरक दिसतो. पूर्वी पार्टी विचारायची 'केवढा आहे?', आणि आम्ही सेलेबल एरियाचा मोठा आकडा फेकायचो. जिना, लॉबी, लिफ्ट सगळं त्यात. आता कार्पेटच सांगावा लागतो, आणि तो मोजायचा कसा हेही यावं लागतं: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या सोडायच्या, बाल्कनी आणि गच्ची त्यात नाही. परवा एक बाई टेप घेऊनच आल्या होत्या. सोबतच्या नव्या पोराने बाल्कनीच्या दाराशी टेप थांबवली आणि म्हणाला, 'ताई, कार्पेट इथपर्यंतच.' आकडा लहान झाला, पण बाईंनी पुढचा प्रश्न त्यालाच विचारला, सेल्स मॅनेजरला नाही. टोकनचंही तसंच. 60 लाखांच्या फ्लॅटला करार नोंदवण्याआधी बिल्डरला 10 टक्के, म्हणजे 6 लाखांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. हे एजंटने आधी सांगितलेलं बरं, ग्राहकाच्या वकिलाने सांगण्यापेक्षा.

आता माझी तक्रार. या प्रशिक्षणाने रेरा कळतो, जमीन कळत नाही. सातबाऱ्यावरचा बोजा, वारसांची न लागलेली नावं, सोसायटीचं अडकलेलं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) हे अजूनही काकांच्या मागे हिंडूनच शिकावं लागतं. म्हणून पोरांना सांगतो, प्रमाणपत्र घ्या आणि मग एखाद्या काकांना धरा. काकांना सांगतो, तुम्हाला सगळं येतं, तेवढा पेपर देऊन टाका.

फक्त जुन्या सोसायट्यांमधले रिसेल आणि भाडेकरार करणारे विचारतात, आम्हालाही लागू का? कायदा नोंदणीकृत प्रकल्पांपुरता बोलतो, त्यामुळे निव्वळ तेवढंच काम असेल तर नाही. पण समोरच्या टॉवरमधली एक जरी बुकिंग करून दिलीत तर लागू. असं 'तेवढंच काम' करणारा एजंट मला अजून भेटायचा आहे.

आणि पोरांनो, पास झाल्याचा मेसेज आला म्हणजे नोंदणी झाली असं नाही. त्या प्रमाणपत्रासह महारेराकडे वेगळा अर्ज करायचा, फी भरायची, नंबर यायची वाट बघायची. तो येईपर्यंत व्हिजिटिंग कार्ड छापू नका आणि ब्रोकरेज ठरवू नका.