डबाभर एस्कुद आणि एक स्लॅब

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला आलेली माणसं जाता जाता माझ्या जुन्या नाण्यांच्या दुकानात डोकावतात. निम्म्यांना वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला विकायचं असतं. जुन्या नाण्यांच्या सौद्यात रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच पत्रक काढून सांगितलंय, पण मोबाइलवरच्या वीडिओपुढे रिझर्व्ह बँकेचं कोण ऐकतो.

त्या शुक्रवारी मात्र डिचोलीकडची एक मावशी आणि तिचा भाचा आले. भाचा शिपवर कामाला, सुटीवर आलेला, हातात दूध पावडरचा जुना डबा. आल्या आल्या म्हणाला, "सर, हे सगळं ग्रेडिंगला पाठवायचंय, तुम्ही पाठवता ना?" ग्रेडिंग म्हणजे परदेशातली कंपनी नाणं तपासते, त्याच्या कंडिशनला आकडा देते नि लेबल लावून प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत परत पाठवते, त्या डबीला स्लॅब म्हणतात.

डबा कपड्यावर ओतला. सगळा एस्कुदच्या काळातला माल, दहा सेंताव, तीस, साठ, एक एस्कुद, तीन, सहा, बहुतेक १९५८ आणि ५९ चे. आता ह्या नाण्यांची गंमत अशी की पोर्तुगीजांनी १९५८ साली इथला रुपिया बंद करून एस्कुद आणला, एका रुपियाला सहा एस्कुद, आणि तीनेक वर्षांत १९ डिसेंबर १९६१ उजाडला, गोवा मुक्त झाला नि मागाहून भारतीय रुपया आला. म्हणजे नाणी झिजायला वेळच मिळाला नाही, जी होती ती लोकांनी डब्यात टाकली नि विसरले. म्हणून आजही चांगल्या कंडिशनमधला एस्कुद शोधायला फार लांब जावं लागत नाही, माझ्या ट्रेमध्ये शंभर-दीडशेला पडून असतो.

भाच्याला हिशोब सांगितला. नाणं डीलरमार्फत परदेशी पाठवायचं, ग्रेडिंगची फी, जायचं-यायचं कुरियर, इन्शुरन्स, सगळं धरून एका नाण्यामागे अडीच-तीन हजार बाजूला काढून ठेवायचे. आणि नाणं किती रुपयांचं? तर शंभराचं. तो ऐकतोय कसला! खिशातून एक स्लॅब काढून समोर ठेवला, ऑनलाइन घेतलेला, १९५९ चा एक एस्कुद, एमएस ६३ म्हणजे चलनात न वापरलेल्या नाण्याचा ग्रेड, साडेचार हजार मोजलेले. लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघितला (स्लॅबपण खोटे येतात हल्ली), नंबर बरोबर होता, नाणंही खरं.

मी काही बोललो नाही. ट्रेमधून त्याच सालाचा एक एस्कुद काढला, स्लॅबच्या शेजारी ठेवला, टेबल लॅम्प थोडा तिरका केला नि लूप, म्हणजे भिंग, त्याच्या हातात दिली. म्हटलं लेबल बघू नको, फक्त नाणं बघ. पोरगा हुशार, चक्रावरचे नि अक्षरांच्या कडेचे बारीक ओरखडे मोजत बसला, नाणं फिरवून चमक कशी फिरते तेही बघितलं. शेवटी म्हणाला, "तुमचं जास्त क्लीन आहे." ह्याचे किती म्हणून विचारलं, मी म्हटलं दोनशे. मावशी एवढ्या जोरात हसली की बाहेर मिरच्या विकणारी बाई आत बघायला लागली.

"पण सर, ह्याचा पॉप फक्त चार आहे!"

इथेच सगळे फसतात. पॉप रिपोर्ट म्हणजे कंपनीने कुठल्या ग्रेडची किती नाणी तपासली त्याचा हिशोब, त्यात चार म्हणजे जगात चार नाणी आहेत असं नाही, कंपनीकडे तेवढ्या ग्रेडची चारच आली एवढंच. शंभर रुपयांच्या नाण्यावर तीन हजार घालायला कोण जाणार, म्हणून कुणी पाठवतच नाही, आणि कुणी पाठवत नाही म्हणून आकडा छोटा दिसतो. उद्या डिचोलीतले चार डबे अमेरिकेला गेले तर तो चारचा आकडा चाळीस व्हायला कितीसा वेळ. साडेचार हजारांतले दोनशे नाण्याचे, बाकी प्लॅस्टिकचे नि त्या चारचे.

मी स्लॅबच्या विरोधात आहे असं नाही हां. १९३९ चा जॉर्ज सहाव्याचा चांदीचा रुपया कुणी आणला तर मी स्वतः सांगतो आधी ग्रेडिंग कर, कारण तो दुर्मिळ, कारागिरी करून साल बदललेले खोटे नग बाजारात फिरतात, तिथे घेणाऱ्याला खात्री पाहिजे असते नि त्या खात्रीचे पैसे तो आनंदाने देतो. पण एस्कुदची नक्कल करायला कोण बसलाय?

डब्याच्या तळाला एक १८८१ चा तांब्याचा पाव टांगा, एस्कुदच्या आधीचं पोर्तुगीज नाणं, निघाला. भाच्याचे डोळे चमकले, पण नाणं त्याहून जास्त चमकत होतं. मावशी म्हणाली, "चवथीला समया घासल्या ना, तेव्हा तोपण आंबट बिंबलांनी घासला." राजाचा गाल अगदी गुलाबी, केसांच्या खाचेत मात्र जुना काळपटपणा तसाच. असं नाणं पाठवलं तर ग्रेडच्या आकड्याऐवजी लेबलवर क्लीन्ड, म्हणजे घासलेलं, असं छापून येतं. आणि मुळात तो पाठवायचाच नाही, शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू होतं, देशाबाहेर नेता येत नाही. शिपवरच्या बॅगेतून नेतो म्हणाला, त्याला तिथेच दम भरला.

मावशीला ह्या सगळ्यात रस नव्हता. "बाबा, तू डब्याचे किती देतोस ते सांग, पावणेपाचची बस आहे." सगळं वेगळं करून मोजलं, सहा एस्कुदांचे थोडे जास्त लावले, पाव टांगा तिलाच ठेवायला दिला. सौदा झाला, पैसे पदराच्या गाठीत गेले.

भाचा घुटमळला. "सर, ह्या स्लॅबचे?" मी सहाशे म्हटलं. नाणं दोनशेचं असलं तरी डबीसकट मागणारं एखादं गिऱ्हाईक असतं म्हणून, नाहीतर तेवढेही नसते दिले. त्याने स्लॅब परत खिशात टाकला नि म्हणाला, "ऑनलाइन पाच हजाराला लावतो, कोणीतरी घेईलच." घेईलही.