टॅबमधलं शून्य आणि केरव्यातली खाली

तबला-पेटीच्या क्लासला चार वर्षं काढलेला माणूस चार तारांच्या युकुलेलेचा टॅब, म्हणजे रेघांवर आकडे मांडून लिहिलेलं वादन, पहिल्यांदा बघतो, तेव्हा त्याचा घोळ इतरांपेक्षा वेगळा होतो. तालाच्या वहीत × म्हणजे सम (आवर्तनाची पहिली, जोराची मात्रा) आणि ० म्हणजे खाली (जिथे टाळी वाजत नाही), हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. टॅबमध्ये नेमकं उलट. ० म्हणजे तार कुठेही न दाबता मोकळी वाजवायची, आणि ती खणखणीत वाजली पाहिजे. × म्हणजे डाव्या हाताचं बोट तारेवर नुसतं टेकवून ती मुकी करायची, म्हणजे फक्त 'टक'. जिथे जोर द्यायची सवय, तिथे आवाज बंद! गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी पंचवटीत आश्रम थाटला त्या आपल्या नाशकात अशी मंडळी बरीच, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

आता तारा. युकुलेले मांडीवर घेतलं की तोंडाकडची तार चौथी, जमिनीकडची पहिली. वरून खाली त्या जी, सी, ई, ए अशा लावतात. 'पांढरी एक'चा सा धरला, म्हणजे सी हा षड्ज धरला, तर मोकळ्या तारा होतात प, सा, ग, ध, आणि चारही एकाच सप्तकातल्या. सगळ्यात वरची तार सगळ्यात खर्जातली असेल असं वाटतं, पण खर्जातली तार तिच्या शेजारची, सीची. जीची तार ईपेक्षाही उंच असते. ट्यूनर ॲपवर नुसतं 'जी' हिरवं झालं म्हणून समाधान मानू नका, कारण सप्तक चुकलं तरी ते हिरवंच दिसतं. तार ढिली होऊन लोंबते किंवा ओढून ओढून तुटते ती याच कारणाने. कानाने पडताळा घ्या: सीच्या तारेवर चौथा पडदा (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधली चौथी जागा) दाबला की मोकळ्या ईचा स्वर आला पाहिजे, ईवर तिसरा दाबला की मोकळ्या जीचा, ईवर पाचवा दाबला की मोकळ्या एचा. तानपुऱ्याचं ॲप पांढरी एकला लावून सा आणि प जुळवले तरी चालतं.

नव्या तारा पहिले आठ-दहा दिवस ताणत राहतात, दर दहा मिनिटांनी उतरतात. वाद्य खराब निघालं म्हणून दुकानात परत न्यायची घाई करू नका.

टॅबच्या चार आडव्या रेघा म्हणजे या चार तारा, पण उलट्या क्रमाने. सगळ्यात वरची रेघ एची, म्हणजे तुमच्या हातात जी सगळ्यात खाली आहे ती. नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. उपाय सोपा आहे: वाद्य मांडीवर आडवं, तारा छताकडे करून ठेवा आणि मान झुकवून बघा. आता एची तार तुमच्यापासून लांब आणि जीची पोटाजवळ दिसेल. कागदही समोर तसाच ठेवा, वरची रेघ लांबची. दोन्ही चित्रं जुळतात.

रेघेवरचा आकडा म्हणजे पडदा, बोटाचा नंबर नव्हे. डावीकडून उजवीकडे वाचत जायचं. एकाखाली एक आकडे असतील तर ते एकदम वाजवायचे. उदाहरणाला आपलं सरगमच घ्या:

ए |------------------०--२--३--|
ई |---------०--१--३-----------|
सी |---०--२-------------------|
जी |--------------------------|

सा रे ग म प ध नी सां. जीची तार इथे लागतच नाही. पहिल्या पडद्याला पहिलं बोट, दुसऱ्याला मधलं, तिसऱ्याला अनामिका, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. एकाच बोटाने सगळीकडे पळालं की सरगम निघतं, पण पुढे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वर, धरताना बाकीची बोटं अडाण्यासारखी उभी राहतात. बोट धातूच्या पट्टीवर ठेवायचं नाही, तिच्या किंचित अलीकडे, वाद्याच्या डोक्याच्या, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला. पट्टीपासून फार मागे गेलं की तार भणभणते, बरोबर पट्टीवर आलं की आवाज दबतो. हे बसलं की याच जागांमधून म आणि नी गाळा, म्हणजे सीवर ०, २, ईवर ०, ३, एवर ०, ३. भूप रागाचे स्वर आले. पहिल्या पडद्याला हातही लावावा लागत नाही.

मग येतात कॉर्डचे आकडे: सी ०००३, ए मायनर २०००, एफ २०१०, जी सेव्हन ०२१२. हे डावीकडून जी, सी, ई, ए असे लिहितात. तीच कॉर्ड टॅबमध्ये उभी मांडली की ३ सगळ्यात वरच्या रेघेवर जातो आणि तीन शून्यं त्याच्या खाली. म्हणजे आडवी लिहिलेली कॉर्ड टॅबमध्ये खालून वर वाचायची. कॉर्डच्या चौकटीच्या चित्रात मात्र तारा उभ्या असतात आणि डावीकडची उभी रेघ जीची. तीन पद्धती, तीन दिशा. ठरवणाऱ्याला शिकायला बसणाऱ्याची फार काळजी असावी असं दिसत नाही.

इंटरनेटवरून टॅब उतरवताना दोन गोष्टी बघा. वर 'लो जी' लिहिलं असेल तर तो टॅब जीची तार एक सप्तक खाली लावलेल्या वाद्यासाठी आहे. साध्या वाद्यावर मधलेच काही स्वर टुणकन वर उडतील. आणि वाद्य बॅरिटोन असेल तर त्याच्या तारा डी, जी, बी, ई असतात, त्यामुळे तेच आकडे वाजवून भलत्याच पट्टीत गाणं निघेल. दुकानात २१, २३ आणि २६ इंची म्हणून जी मिळतात ती सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर. त्यांना हा प्रश्न नाही, तिन्हींचा टॅब एकच.

टॅबची खरी उणीव वेगळी आहे. तो कुठे वाजवायचं ते सांगतो, कधी वाजवायचं ते बहुतेक वेळा सांगत नाही. दोन आकड्यांत किती थांबायचं याचा साध्या टॅबमध्ये पत्ता नसतो. ते गाणं ऐकूनच कळतं. म्हणून अनोळखी गाण्याचा टॅब नवशिक्याच्या काही कामाचा नाही. जे गाणं गुणगुणता येतं तेच घ्या.

स्ट्रमिंगमध्ये, म्हणजे तारांवरून हात फिरवून ठेका धरण्यात मात्र आपली माणसं पुढे असायला हवीत. गणपतीत ढोल ऐकत वाढलेल्या गावाला ठेका शिकवावा लागू नये. तरी अडतं, कारण इंग्रजी पद्धतीची मोजणी 'वन अँड टू अँड' डोक्यात शिरत नाही. ती सोडून द्या आणि केरवा म्हणा: धा गे न ति । न क धि न. आठ मात्रा, म्हणजे चार बीट्सचा एक बार. टॅबमधली उभी रेघ आली की आवर्तन संपलं. विषम मात्रांना (१, ३, ५, ७) हात वरून खाली, सम मात्रांना (२, ४, ६, ८) खालून वर. (मी इथून पुढे डाउन आणि अप असंच लिहिणार आहे, कारण 'खाली' म्हटलं की तालातली खाली की हाताची, हा नवा वाद.)

नवशिक्यांना सगळीकडे शिकवतात तो पॅटर्न 'डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप'. नुसता वाचला की दोन अप लागोपाठ कसे, म्हणून हात अडखळतो. केरव्यावर मांडून बघा:

धा ऽ न ति । ऽ क धि न

पहिली मात्रा डाउन, दुसरी रिकामी, तिसरी डाउन, चौथी अप. पाचवी रिकामी. सहावी अप, सातवी डाउन, आठवी अप. पाचवी मात्रा म्हणजे केरव्याची खाली. टाळी देताना तिथे आपण हात बाजूला उघडतो, आवाज करत नाही. इथेही तेच करायचं: हात डाउनच जाणार, पण तारांना न शिवता हवेतून. हात थांबवायचा नाही. पॅटर्न बिघडतो तो नव्वद वेळा याच जागी, कारण वाजवायचं नाही म्हटलं की हात गोठतो आणि पुढचा अप उशिरा येतो.

यासाठी डावा पंजा चारही तारांवर आडवा टेकवा, म्हणजे कॉर्डची भानगड नको. तोंडाने बोल म्हणत उजव्या हाताने 'छक छक' करा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० वर, प्रत्येक ठोक्याला दोन मात्रा, म्हणजे एक आवर्तन चार सेकंदांचं. सलग वीस आवर्तनं न अडखळता झाली की ६५. हात कोपरातून हलवू नका. धुतलेल्या हाताचं पाणी झटकतो तसं मनगट सैल. डाउनला तर्जनीचं नख, अपला त्याच बोटाचं पेर. जागा दांडी जिथे पेटीला मिळते तिथली, भोकावर नव्हे. अपमध्ये चारही तारा लागल्या पाहिजेत असं नाही, खालच्या दोन-तीन पुरतात. चारही ओरबाडायला गेलं की बोट अडकतं.

कॉर्ड बदलताना कोणतं बोट जागेवर राहतं ते शोधा. ए मायनरवरून एफला जाताना जीच्या दुसऱ्या पडद्यावरचं मधलं बोट तसंच, फक्त तर्जनी ईच्या पहिल्यावर टेकवायची. एफवरून जी सेव्हनला जाताना ती तर्जनी हलत नाही. मधलं बोट जीवरून सीच्या दुसऱ्यावर, अनामिका एच्या दुसऱ्यावर. तरी वेळ कमी पडतोच. तेव्हा आठव्या मात्रेच्या अपला डावा हात उचलून मोकळ्या तारा वाजू द्या. चांगले वाजवणारेही हे करतात आणि ऐकणाऱ्याला कळत नाही. समेवर नवी कॉर्ड पक्की हवी, एवढंच.

बाणांचं एक सांगायचं राहिलं. शब्दांच्या वर छापलेला बाण हाताची दिशा दाखवतो. टॅबच्या रेघांवर काढलेला उभा बाण मात्र रेघांची दिशा दाखवतो, आणि रेघा उलट्या असल्याने वर जाणारा बाण म्हणजे जीच्या तारेकडून एच्या तारेकडे, म्हणजे डाउन. शंका आली तर पहिल्या मात्रेवरचा बाण बघा, ती बहुधा डाउनच असते.

दादऱ्याच्या गाण्यांना हे विषम-समचं गणित लावू नका. सहा मात्रा तीन-तीनच्या, त्यामुळे डाउन-अप करत गेलं की चौथी मात्रा अपवर येते आणि ठेका लंगडतो. तिथे धा धि ना । धा ति ना म्हणत सहाही मात्रांना डाउन, पहिलीला वजन, चौथीला हलका हात. लय वाढली की तिसरी आणि सहावी अप करा.