चालतोय की!

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला काहीही झालेलं नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. मिक्सर जळला की माणूस दुसरा आणतो, घरात चर्चा होत नाही. हा मात्र जळतही नाही आणि पळतही नाही. बटण दाबावं, चहा टाकावा, गाळून कप घेऊन यावं, तेव्हा कुठे पडद्यावर घड्याळ उमटतं. मध्यंतरी तर तेही चुकीचं उमटायचं.

घड्याळाचं आधी सांगतो, कारण चिरंजीवांनी "बाबा, हा गेला" असं जाहीर केलं ते त्यावरूनच. मदरबोर्डवर नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२. वीज नसतानाही तारीख-वेळ सांभाळायची, हे त्याचं काम. तो संपला की कॉम्प्युटर रोज सकाळी कुठल्यातरी जुन्या सालात जागा होतो आणि बँकेची साइट उघडायला नकार देतो. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. यंत्र बारा वर्षं मागे बसलं असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. सेल बदलला, बँक उघडली. चिरंजीव पुढे बरेच दिवस या विषयावर बोलले नाहीत.

ते पुन्हा बोलू लागले ते विंडोज १०मुळे. १४ ऑक्टोबर २०२५ला तिची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबली. घरगुती वापरासाठी नावनोंदणी करणाऱ्यांना फार तर वर्षभराची सवलत. विंडोज ११ घालावी म्हटलं, तर तिला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा आय-थ्री तिसऱ्या पिढीचा. पाच पिढ्यांचं अंतर. (पाच पिढ्यांमागचे आमचे पूर्वज कोकणात होते की देशावर, यावर आमच्या भावकीत अजून एकमत नाही.)

पण तो हळू झालाय, हे मला मान्य नाही. आतली धूळ गॅलरीत नेऊन ब्लोअरने उडवली, प्रोसेसरची उष्णता बाहेर जावी म्हणून लावलेली, वाळून गेलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. आता तो घेतला त्या दिवशी जेवढी गणितं करायचा तेवढीच करतो. वाढलंय ते समोरचं ओझं. वर्तमानपत्राचं पान उघडलं की बातमीच्या आधी जाहिराती धावत येतात, पाठोपाठ न विचारता व्हिडिओ सुरू होतो, आणि चार जीबी रॅमचा जीव गुदमरतो. याच पुण्यात १९९१ साली सी-डॅक या सरकारी संस्थेने परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्याची कमाल क्षमता सेकंदाला अब्जभर गणितांची होती आणि तेवढ्यावर देशाची मान ताठ झाली होती. आमच्या टेबलाखालचं खोकं त्याच्या कितीतरी पट ताकदीचं आहे, आणि त्याच्यावर कांद्याच्या भावाची बातमी उघडेना!

शेवटी कॉम्प्युटरच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने जुन्याबद्दल एका वाक्यात सांगितलं, "डीडीआर-थ्रीची रॅम आता जुन्यातली मिळेल." नव्याबद्दल म्हणाला, "आधी रॅमचा भाव ऐका, मग ठरवा." एआयवाल्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी एवढी वाढली की २०२५च्या अखेरीपासून भाव चढतच गेले. लक्ष्मी रोडवर सोन्याचा भाव विचारून माणसं जशी चेहऱ्यावर काही न दाखवता पायऱ्या उतरतात, तसा मी निघालो. त्याने मागून हाक मारली. "साहेब, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. निम्मी तक्रार तिथेच संपेल." त्याचं बरोबर होतं. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते आणि प्रत्येक फाइलसाठी वाचणारी सुई तिच्यावर इकडून तिकडे धावते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही.

या सगळ्यात हिला कोणी विचारलंच नव्हतं, आणि कॉम्प्युटर सगळ्यात जास्त वापरते ती हीच. ही घरून डीटीपी करते, म्हणजे छपाईची पानं लावून देते. अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची गाइडं, दिवाळी अंकांची पानं, सगळं पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आणि श्रीलिपीच्या मराठी फाँटांत. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांच्या, आधीचे ते फाँट. आतून ती इंग्रजी अक्षरांचीच जागा, वर मराठी रूप चढवलेलं. तीच फाइल फाँट नसलेल्या मशीनवर उघडली की रामरक्षेच्या जागी डॉलर, कंस आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. कन्व्हर्टर आहेत, पण ते रफार कुठे नेऊन बसवतील याचा नेम नाही. पुन्हा सगळं प्रूफ वाचायचं. इकडे प्रकाशकांचा फोन येतो, "वहिनी, मागच्याच आवृत्तीतली दोन पानं बदलायचीत फक्त."

चिरंजीवांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट सुचवलं. फुकट, हलकं, जुन्या मशीनवर छान चालतं, हे खरंच. हिचं पेजमेकर त्यावर चालेल का, एवढं विचारल्यावर ते मोबाइलमध्ये शिरले.

"अहो, बँक तुम्ही फोनवर बघता ना? मग याची नेटची वायर काढून टाका," ही म्हणाली. "पेजमेकरला कुठलं नेट लागतंय?"

इतके दिवस तारखा, पिढ्या आणि रॅमचे भाव यांत आम्ही दोघं बापलेक अडकलो होतो, आणि त्या खोक्याचं काम नेमकं काय हे फक्त तिला ठाऊक होतं. नेटच नाही म्हटल्यावर अपडेट थांबल्याची धास्ती पुष्कळ कमी झाली. राहिले प्रकाशकांकडून येणारे पेनड्राइव्ह. त्यांचा मला नेटपेक्षा जास्त धसका आहे. ते आता आधी चिरंजीवांच्या लॅपटॉपवर स्कॅन होतात, मग आत येतात.

एसएसडी बसवली. जुनी डिस्क तशीच्या तशी तिच्यावर उतरवून घेतली आणि मूळची कपाटात, एफडीच्या पावत्यांशेजारी ठेवली. भंगारवाल्याला ती द्यायची नाही. उद्या टाकायचीच झाली तर आधी पुसून मग ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ई-कचऱ्यात.

नेटची वायर काढली त्याच संध्याकाळी चिरंजीवांनी ती स्वतःच्या खोलीत ओढून नेली. गेमला वायफाय पुरत नाही म्हणे. नव्या कॉम्प्युटरची मागणी त्यानंतर घरात कोणी केलेली नाही.