आमची वाटचाल : ९.६ टक्के

आमच्या टॉवेलच्या कारखान्याला २०२५ साली ४१ वर्षं झाली. मुलगा म्हणाला, "बाबा, वेबसाइटवर 'आमची वाटचाल' म्हणून दोन परिच्छेद द्या, सगळे देतात." दोन परिच्छेदांत बसणारी वाटचाल आमची नाही. ज्याला कंटाळा येईल त्याने खाली फोटो बघावेत.

वडील दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे, होते. १९८४ साली त्यांनी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये चार जुने शटल माग टाकले. हाताला एक सवय होती. पाइलच्या, म्हणजे टॉवेलवरच्या लूपांच्या सुताच्या, बीमचा ताण ते डोळ्यांनी बघत नसत, दोन बोटं सुतावर टेकवून मान वाकडी करायचे आणि म्हणायचे, "वजन कमी कर." अर्धा किलोचं वजन कमी केलं की लूप एकसारखी उभी राहायची. आज रेपियर या नव्या मागावर ताण स्क्रीनवर दिसतो, तरी मी बोटं टेकवतोच. स्क्रीन खोटं बोलते असं नाही. पण सूत ओलं आहे की कोरडं, हे तिला कळत नाही.

निर्यातीचं खातं उघडलं ते इंग्लंडमधल्या लेस्टरच्या काकांमुळे. मूळचे गुजराती, युगांडातून १९७२ साली अंगावरच्या कपड्यांनिशी इंग्लंडला गेलेले. लेस्टरमध्ये आधी होजिअरीच्या गिरणीत रात्रपाळी केली, मग टॉवेल-चादरींचा घाऊक धंदा. १९९६ च्या फेब्रुवारीत ते सोलापुरात आले. बड्या कारखानदारांनी गाडी पाठवतो म्हटलं होतं, पण हे रिक्षाने आमच्या शेडवर हजर. खिशातून घडीचं पितळी भिंग काढलं, टॉवेलवर ठेवलं आणि सुईच्या टोकाने इंचातले धागे मोजले. मोजून झाल्यावर मला म्हणाले, पाणी आणा. मला वाटलं तहान लागली. त्यांनी टॉवेलचा कोपरा कापून बादलीत टाकला. तुकडा तीन-चार सेकंदांत तळाला गेला. "बुडाला, म्हणजे चांगला," ते म्हणाले. सॉफ्टनर फासून मऊ केलेला टॉवेल तरंगत राहतो, हे धंद्यातल्यांना सांगायला नको. गिऱ्हाइकाला मात्र आजही कोणी सांगत नाही.

ते भिंग जाताना ते माझ्या टेबलावर विसरले. परत पाठवतो म्हटलं तर म्हणाले, राहू दे, तुझ्याकडेच जास्त काम आहे त्याला.

पुढची वीस वर्षं माग चालले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२३ जून २०१६. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं. शंभराच्या आसपासचा पौंड ऑक्टोबरपर्यंत ऐंशी-ब्याऐंशीवर आला. आमचे भाव पौंडांत ठरलेले. तेवढा फटका आम्ही पचवला. न पचलेली गोष्ट वेगळी आहे. त्या दिवसापासून मी पेपर वाचायला लागलो.

पेपर आधीही वाचायचो, पण भविष्य बघितल्यासारखा नाही. ब्रिटनचे व्यापारमंत्री लिआम फॉक्स २०१७ साली म्हणाले की युरोपशी करायचा करार मानवी इतिहासातल्या सर्वांत सोप्या करारांपैकी एक ठरायला हवा. मी कात्रण काढलं. जॉन्सन साहेब नोव्हेंबर २०१९ मध्ये उत्तर आयर्लंडच्या व्यापाऱ्यांना म्हणाले, कोणी फॉर्म भरायला सांगितला तर मला फोन करा, मी तो केराच्या टोपलीत टाकायला सांगीन. तेही कात्रण काढलं. माणूस पंतप्रधान आहे, उगाच कशाला बोलेल, असं मला वाटायचं. आपल्याकडे पुढाऱ्याचं भाषण ऐकताना आपण निम्मं वजा करून ऐकतो. गोऱ्या माणसाचं ऐकताना वजाबाकी करायचं सुचलंच नाही.

मग आला तो मोठा वितरक. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मँचेस्टरकडचा, हॉटेलांना माल पुरवणारा, युरोपीय संघातच राहिलेल्या आयर्लंडमध्ये मोठं जाळं. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याने विचारलं : पांढरा हॉटेल टॉवेल, ७० बाय १४०, ५०० जीएसएम (चौरस मीटरला ५०० ग्रॅम), म्हणजे नगाला ४९० ग्रॅम. दोन चाळीस फुटी कंटेनर, जवळपास ५० हजार नग. लॉकडाऊनमध्ये माग महिनोन्‌महिने गप्प होते, कामगार गावाला जाऊन परत येत होते. एवढी ऑर्डर म्हणजे देव दारात. त्याची अट एकच, युरोपशी करार झाला तर माल उचलतो.

२४ डिसेंबरला करार झाला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच मथळा, शून्य जकात, शून्य कोटा. जॉन्सन तर म्हणाले की जकातीशिवायचे अडथळेही नसतील. वितरकाचा एका ओळीचा मेल आला, सुरू करा. मीही केलं. सूत तेव्हा दर आठवड्याला वर चढत होतं, तरी उचललं. पैसे ९० दिवसांच्या डीएवर, म्हणजे माल आधी, पैसे नंतर, आणि ईसीजीसीचं, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या विम्याचं, कव्हर वाढवून घ्यायचं राहिलं. 'राहिलं' हा सभ्य शब्द झाला. मुलगा दोनदा म्हणाला होता, मी म्हटलं, पेपर वाच.

लेस्टरहून काकांचा फोन आला. कराराचा पूर्ण मजकूर २६ तारखेला जाहीर झाला होता, सव्वा हजार पानांच्या आसपास. वय ऐंशीच्या पुढे, पण जावयाकडून हवी ती पानं छापून घेतलेली. म्हणाले, "भाई, छापुं नहीं, चोपडी जुओ." पेपर नको, पुस्तक बघ. मी हसलो. ऑर्डर दुसऱ्याची मिळाली म्हणून काका असं बोलतायत, असंही मनात आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

पुस्तकात काय होतं? शून्य जकात होती ती ब्रिटनमध्ये किंवा युरोपात 'जन्मलेल्या' मालाला. आमच्या टॉवेलचं माहेर सोलापूर. इंग्लंडमध्ये उतरताना त्याला ९.६ टक्के जकात, आणि तिथून आयर्लंडला गेला की परत १२. वितरक म्हणत होता, आम्ही मँचेस्टरला इस्त्री करू, आमचं लेबल लावू, पिशवीत भरू, की झाला ब्रिटिश. करारात याच गोष्टी एकेक करून लिहिल्या आहेत : कापडाला इस्त्री, लेबल, साधं पॅकिंग, यांपैकी कशानेही मूळ देश बदलत नाही. लेबल लावल्याने लेकीचं माहेर बदलतं का? मार्क्स अँड स्पेन्सरसारख्या घराण्याची जर्मनीत बनलेली डुकराच्या तोंडाची गोळी याच नियमात सापडली, इंग्लंडमार्गे आयर्लंडला जाताना. त्यांचे वकील होते. आमच्याकडे पेपर होता.

जानेवारीच्या शेवटी वितरकाचे मेल थंडावले. फेब्रुवारीत आठ टक्के सूट मागितली, मी दिली. सूट देऊ नका, हे इथेच सांगून ठेवतो. पहिली सूट मागतो तो माल घ्यायचा की नाही याचा विचार करत असतो, आणि तुम्ही त्याला विचार करायला पैसे देता. मार्चमध्ये माल न्हावा शेवाहून निघाला, आणि २३ तारखेला 'एव्हर गिव्हन' हे अजस्र जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं. आमचं जहाज मागच्या रांगेत. माल इंग्लंडच्या फेलिक्स्टो बंदराला पोचला तेव्हा वितरकाने 'उशीर' या एका शब्दावर ऑर्डर रद्द केली. इंग्लंडमधली हॉटेलंही तेव्हा बंद होती, ती १७ मेला उघडली. त्याची अडचण मला कळत होती. पण अडचण आहे म्हणाला असता तर निम्मा माल मी स्वतः परत घेतला असता. 'उशीर' म्हणाला.

बंदरात कंटेनर पडून, रोज भाडं. इकडे बँकेचं पॅकिंग क्रेडिट, म्हणजे निर्यातीच्या मालासाठी घेतलेलं कर्ज, थकलेलं. मॅनेजरसाहेब चहा पाजायचे ते पाणी विचारू लागले. बारा शटल माग विकले, त्यांत वडिलांचे पहिले चारही. घेणाऱ्याने किलोवर घेतले. टेम्पोत चढवताना एका मागाचा धोटा खाली पडला, तो मी उचलून ठेवला. ऑफिसात भिंगाशेजारी आहे.

आणि याच काळात आमच्याच एमआयडीसीतल्या एका शेजाऱ्याने त्याच वितरकाला नमुने पाठवले. ५०० लिहून ४३० जीएसएमचे. कटरने गोल तुकडा कापून काट्यावर ठेवला की पाच सेकंदांत कळतं, पण ठेवणार कोण? असो.

माल काकांनी सोडवला. फोनवर विचारलं, "बुडे छे ने?" म्हटलं, बुडतो. "तो मोकलो." मग पाठव. दोन्ही कंटेनर आपल्या नावावर करून घेतले, ब्रिटनची जकात भरली आणि आयर्लंडचं नावही काढलं नाही. वृद्धाश्रम, धोबीकंपन्या, जिम, असं करत चौदा महिन्यांत माल संपवला. भाव ठरल्यापेक्षा कमी मिळाला, पण प्रत्येक शुक्रवारी थोडे पैसे यायचे. त्या शुक्रवारांवर आमचे पगार झाले. आयर्लंडचा माल आता आम्ही इंग्लंडला शिवूच देत नाही. थेट डब्लिनला जातो, मूळ देशाच्या कागदासह, जकात एकदाच.

ज्याला वाटतं ९.६ म्हणजे फार नाही, त्याने कराचीचा टॉवेल बघावा. पाकिस्तानला युरोपने २०१४ पासून सवलत दिली आहे, ब्रिटननेही ती पुढे चालू ठेवली. त्यांचा टॉवेल शून्यावर उतरतो. आमचा मार्जिन ज्या धंद्यात पाच-सहा टक्के, तिथे २०२५ पर्यंत तरी हा शेजारी देश सुरुवातीलाच ९.६ ने पुढे होता.

म्हणून भारत-ब्रिटन कराराची बातमी आली की सोलापुरात पेढे निघतात. एप्रिल २०२२ मध्ये जॉन्सन दिल्लीत म्हणाले, दिवाळीपर्यंत करार. त्या दिवाळीला, २४ ऑक्टोबरला, जॉन्सन जाऊन ट्रस आल्या होत्या, त्यांनी राजीनामा दिला होता, आणि नेमक्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुनक यांची निवड झाली. पेपरांत फटाके, करार कुठेच नाही. माझ्या ओळखीच्या दोघांनी त्या 'दिवाळी'च्या भरवशावर माग बुक केले होते. मी केले नाहीत. शहाणा झालो म्हणून नव्हे, बँकेने पैसे दिले नसते.

जानेवारी २०२३ मध्ये फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल या कापडाच्या प्रदर्शनात तो वितरक भेटला. हात पुढे केला. मी नमस्कार केला, दोन्ही हात आपल्याकडेच ठेवून. काका त्याच वर्षी गेले. आता त्यांचे जावई बघतात.

६ मे २०२५ रोजी भारत-ब्रिटन वाटाघाटी संपल्याची घोषणा झाली, २४ जुलैला इंग्लंडमध्ये सह्या झाल्या. ऑगस्टअखेर अमेरिकेने ५० टक्के जकात लावल्यावर तर सगळ्यांचं तोंड इंग्लंडकडे वळलं. ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर मुंबईला येऊन गेले, सोबत उद्योगपतींचा ताफा. मुलाने पेढे आणले. मी विचारलं, सही झाली, लागू कधीपासून? आमच्या टॉवेलचा जकातीचा कोड कोणत्या यादीत? सूत बाहेरचं असलं तर चालतं का? तो म्हणाला, "बाबा, खा आधी."

पेढा खाल्ला. मग जावयांना कोटेशन पाठवलं, ९.६ धरून. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं : "चोपडी जोई?"

बघतोय. सध्या मूळ देशाच्या नियमांच्या प्रकरणात आहे. अक्षर बारीक आहे, म्हणून पितळी भिंग लावून वाचतोय.